पाच किलो कणीक आणि एक सॅक

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात दारामागच्या खुंटीवर एक खाकी झोळा टांगलेला आहे. जाड कॅनव्हास, पितळी बकल आणि आत तोंड घातलं तर माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेचा वास. हा आजोबांचा शिकारीचा झोळा. लहानपणी मी तो पाहुण्यांना दाखवायचो. पाहुणे म्हणायचे, "काय काय आणलं असेल हो यातून!" आणि आजी स्वयंपाकघरातून सांगायची, "रिकामा डबा. तोही दोनदा जंगलात विसरून आले."

आजोबा होळकर दरबारात कारकून होते. महाराजांची स्वारी रालामंडलच्या शिकारकोठीकडे निघाली की मागून हे, हिशेबाची वही घेऊन. बंदुकीच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून कानात कापूस. उभ्या आयुष्यात त्यांनी जे काही मारलं ते डास. पण झोळा शिकारीचा, त्यात वाद नाही.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली ते फार बरं झालं. रालामंडलचंही आता अभयारण्य आहे. तरी रक्तात काहीतरी उरतंच. आम्हा पाच जणांचं रोज सकाळी पोहे-जलेबीच्या ठेल्यावर भेटणं असतं. डॉक्टरांनी पाचही जणांना चालायला सांगितलंय आणि आम्ही ठेल्यापर्यंत चालतो. त्यातल्या दिघ्यांना मुलानं दुर्बीण पाठवली आणि तेव्हापासून दर रविवारी आमची पक्ष्यांची शिकार सुरू झाली. डोळ्यांनी आणि कॅमेऱ्यानं. कधी सिरपूर तलाव, कधी यशवंत सागर जलाशय. 2022 मध्ये दोन्ही महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, तेव्हापासून आम्ही तिथे जरा छाती काढूनच उभे राहतो, जणू अर्ज आम्हीच भरला होता.

पहिल्या दोन रविवारी मी आजोबांचा झोळा नेला. एका खांद्यावर. दुसऱ्या सोमवारी उठलो तो मान डावीकडे वळलेली आणि तिथेच अडकलेली. तीन दिवस मी फक्त डावीकडे पाहत होतो. बँकेत माझ्या उजवीकडे बसणाऱ्या कुलकर्णीबाईंना वाटलं, मी रागावलोय. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातला शिरा पुढे केला, तोही मला डावीकडूनच घ्यावा लागला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "दोन पट्ट्यांचं काहीतरी घ्या." एवढं साधं वाक्य. त्यापायी माझा दीड महिना गेला.

खरं तर मुलीची कॉलेजची जुनी सॅक होती घरात. पण तिच्यावर गुलाबी अक्षरात काहीतरी लिहिलेलं, आणि शिवाय माझा हट्ट: झोळ्याच्या जागी येईल ती वस्तू शिकारीचीच हवी. म्हणून मी परदेशातल्या शिकाऱ्यांचा अभ्यास सुरू केला. तिकडे हरणामागे दिवसभर हिंडायचं असतं, त्यामुळे पाठीवरच्या ओझ्याचा विचार या मंडळींनी मुंजीच्या यादीइतका बारकाईनं केलाय. बंदूक अडकवायला कप्पा, मिळालेलं मांस बांधून आणायला सांगाडा. शेवटचा मुद्दा वाचताना बायको, माधवी, मागे येऊन उभी होती. "काय आणणार आहात बांधून?" "काही नाही." "मग येताना दूध आणा."

पुण्याच्या मावसभावाला फोन केला. तो सह्याद्रीतला जुना भटक्या. मी म्हटलं, "अरे, एक पिट्ठू घ्यायचाय." पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "सॅक म्हण, दादा." इंदूरच्या मराठीची कीव करायची एकही संधी तो सोडत नाही. मग म्हणाला, "लिटर-बिटर नंतर बघू. आधी पाठ मोज. माणसाच्या उंचीशी सॅकला काही देणंघेणं नसतं, पाठीच्या लांबीशी असतं."

पाठ मोजायची पद्धत अशी. मान खाली घालायची, मानेच्या मुळाशी जे हाड ठळक लागतं ते वरचं टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, अंगठे मागे. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ, ती खालची. मधलं अंतर म्हणजे तुमची पाठ. ऐकायला सोपं आहे. माधवी ब्लाउजची टेप घेऊन मागे उभी राहिली. वरचं हाड लगेच सापडलं. खालच्या हाडाशी मात्र माझा गेली वीस वर्षं संपर्क नाही.

"कुठे आहे?" ती विचारत होती.

"असायला हवं तिथेच कुठेतरी."

"अहो, श्वास आत घ्या."

"घेतलाय."

शेवटी मुलगी आली आणि तिनं टिचकी मारून बघावं तसं दोन बोटांनी दाबत दाबत ते हाड शोधून काढलं. सतरा इंच, म्हणजे त्रेचाळीस सेंटीमीटर. हे दोघींनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं, त्याच चौकोनात गॅस सिलिंडर आल्याची नोंद होती.

हाडाचं एवढं महत्त्व का, तर ओझं खांद्यावर घ्यायचंच नसतं. कमरेचा पट्टा त्या हाडावर बसला की बहुतेक वजन नितंबांवर उतरतं, तिथून पायात. खांद्यावरचे पट्टे फक्त सॅक पाठीला धरून ठेवतात. हे मला पन्नाशीनंतर कळलं. शाळेत असताना दप्तराच्या पट्ट्याखाली पडलेले लाल वळ आठवले आणि मास्तरांबद्दल नव्यानं राग आला.

मग लिटरचा घोळ. दिवसभराच्या फेरीला वीस ते तीस लिटर पुरते म्हणतात. मी तीस लिटरची म्हणून घरबसल्या एक मागवली. आली ती एवढीशी की माझा कॅमेरा आत गेल्यावर पाण्याच्या बाटलीनं बाहेरच उभं राहायचं. तीस लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या साठ पिशव्या. मी डोळ्यांनी रचून पाहिल्या, चाळीसच्या पुढे जाईनात. कारखान्यात ही मापं सॅकमध्ये प्लास्टिकचे छोटे गोळे भरून घेतात, असं वाचलं होतं. माझी नजर साबुदाण्याच्या डब्याकडे गेली. माधवीनं डबा उचलून देवघरात ठेवला.

सॅक परत गेली. दुसरी आली, ती वैष्णोदेवीला निघालेल्या अख्ख्या कुटुंबाला पुरेल अशी. तीही परत. कुरिअरवाला मुलगा आता मला "अंकल, आज क्या आया, क्या जाएगा?" असं एकाच दमात विचारायला लागला होता.

तेव्हा ठरवलं, दुकानात जायचं आणि वजन भरून पाहायचं. रिकामी सॅक काय, कुठलीही छानच वाटते, रिकाम्या झोपाळ्यासारखी. माझं एका दिवसाचं सामान मी काट्यावर ठेवून पाहिलं होतं: दोन लिटर पाणी, कॅमेरा, दुर्बीण, पक्ष्यांचं पुस्तक, गुळाच्या दशम्या आणि बाकीचं. पाच किलोच्या आसपास. घरात पाच किलोचं नेमकं एकच पुडकं होतं, कणकेचं. ते कापडी पिशवीत घातलं आणि राजवाड्यामागच्या एका दुकानात शिरलो.

दुकानदार गादीवर बसून लोकांची पाठ बघून सॅक ओळखणाऱ्यांपैकी. मी पहिली सॅक उतरवून घेतली, चेन उघडली आणि आत कणीक घातली. तो बघत राहिला. मग मी ओझं पाठीला चिकटून राहावं म्हणून पुडकं पाठीकडच्या कप्प्यात सरकवलं, कारण जड वस्तू पाठीजवळ आणि मधल्या उंचीवर ठेवायची असते, नाही तर सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालतो. मग पट्टे. त्यांचा क्रम ठरलेला आहे: सगळे सैल करायचे, आधी कंबर, मग खांदे, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे तिरके जाणारे दोन, शेवटी छातीवरचा. मी दुकानाच्या मधोमध उभा राहून हे सगळं पुटपुटत करत होतो. कमरेचा पट्टा पोटाखाली बांधायचा की पोटावर, हा प्रश्न तिथे सर्वांसमोर उभा राहिला. खाली बांधला तर बकल दिसेना. वर बांधला तर श्वास दिसेना.

"भिया, वैष्णोदेवी जा रिये हो?" शेजारच्या गिऱ्हाइकानं विचारलं.

"नहीं, सिरपुर तालाब."

"उत्ते के लिए इत्ता सामान?"

मी कणीक घेऊन दुकानात पाच फेऱ्या मारल्या, मग जिना चढलो, उतरलो. पहिली सॅक खांद्यात रुतली. दुसरीचा कमरेचा पट्टा म्हणजे नुसती नाडी. छोट्या सॅकना बऱ्याचदा तसलाच असतो, सॅक हलू नये इतकाच त्याचा उपयोग, ओझं तो घेत नाही. तिसरीची पाठ जाळीची होती, घाम धरत नव्हती. मे महिन्यातल्या इंदुरात पाठीला वारा लागणं ही लहान गोष्ट नव्हे.

आता राहिली आवाजाची परीक्षा. शिकाऱ्यांचा मोठा आग्रह असतो की कापड वाजता कामा नये. गुळगुळीत नायलॉन झुडपाला घासलं की सरसरतं आणि हरीण पसार. वेल्क्रो तर नकोच, तो उघडताना अख्खं रान जागं होतं. मी सॅकची कड कानाशी धरून दोन बोटांनी घासली. मग दुसरी. मग पहिली पुन्हा.

दुकानदाराला राहवलं नाही. "भिया, कपड़ा है. रेडियो नी है."

रंगावर मात्र मी स्वतःच अडलो. तिकडचे शिकारी अंगावर भडक नारिंगी घालतात, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये. हरणाला तांबडा-नारिंगी रंग नीट ओळखू येत नाही, म्हणून चालतं. वाघ एवढा रंगीबेरंगी असून त्याचं निभतं ते त्याचमुळे. पण पक्ष्यांची नजर आपल्यापेक्षा सरस, आपल्याला न दिसणारे अतिनील रंगही पुष्कळांना दिसतात. म्हणजे नारिंगी बाद. दुकानदारानं फौजी छापाची पुढे केली. पण आम्हाला अधूनमधून जानापावच्या डोंगरावर जायचं असतं, चंबळ जिथे उगम पावते तिथे, आणि रस्ता महूच्या छावणीवरून जातो. पोट सुटलेला माणूस, गळ्यात दुर्बीण, पाठीवर फौजी छाप. नको. मातकट हिरवी घेतली. पंचवीस लिटर, जाळीची पाठ, मऊ न वाजणारं कापड, छातीच्या बकलमध्ये शिट्टी. शिट्टी कशासाठी, तर हरवलात तर वाजवायला. सिरपूर तलावापाशी हरवायचं ठरवलं तरी अवघड आहे.

पैसे देऊन घरी आलो. संध्याकाळी दुकानदाराचा फोन. "भिया, आपका आटा रे गया."

सॅक घरात आल्यापासून तीन दिवस ती माधवीनं वापरली, भाजीला. "खांदे अजिबात दुखत नाहीत हो," ती म्हणाली, आणि हे माझ्या दीड महिन्याच्या अभ्यासाला मिळालेलं एकमेव प्रशस्तिपत्र. तळाशी कोथिंबिरीची एक काडी अजून आहे.

रविवारी यशवंत सागर. हातोदच्या पुढे गाडी लावून आम्ही पाचही जण गंभीर नदीच्या बाजूनं बांधावर चालत गेलो. धुकं होतं. सॅक अशी बसली होती की मी दोनदा मागे हात नेऊन ती आहे ना हे पाहिलं. दिघ्यांचा झोळा एका खांद्यावर होता. मी त्यांच्याकडे मानेसह पाहू शकत होतो, दोन्ही बाजूंनी.

आणि मग आमच्यातले मुळे थांबले. बोट ओठांवर. समोरच्या ओल्या शेतात सारसांची जोडी. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढा उंच पक्षी जगात दुसरा नाही. माणसाच्या उंचीचे, राखाडी, लाल डोकं, आणि चालणं असं की आपण उगीच इतकी वर्षं घाईत राहिलो असं वाटावं. पन्नास पावलांवर. आम्ही पाचही जण खाली बसलो. पाच दुर्बिणी वर गेल्या. कोणी श्वास घेत नव्हतं.

मी सॅक पुढे घेतली. हळू. बकल उघडलं, आवाज नाही. चेन सरकवली, आवाज नाही. कापड गवताला घासलं, आवाज नाही. दुकानदाराचा चेहरा आठवून मला आतून हसू फुटत होतं. कॅमेरा मधल्या कप्प्यात, पाठीजवळ, शास्त्राप्रमाणे. मी हात आत घातला.

कॅमेऱ्यावर माधवीनं शेवेचं पाकीट ठेवलं होतं.

पाव किलोचं, चकचकीत प्लास्टिकचं. ते जे वाजलं त्याला उपमा नाही. धुक्यात, पाण्यावरून, पलीकडच्या काठापर्यंत. सारसांनी माना वळवल्या, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागले. त्यांना आयुष्यात याहून वाईट ऐकायला मिळालं असावं.

पण इकडे चारही दुर्बिणी सारसांवरून उतरल्या आणि माझ्यावर येऊन थांबल्या.

"लौंगवाली आहे," दिघे कुजबुजले, "की रतलामी?"