गोळ्यांच्या खोक्यातला कागद

गोळ्यांच्या खोक्यात घड्या घातलेला तो पातळ कागद असतो ना, गरोदरपणात मी तो भिंग घेऊन वाचायचे. सातव्या महिन्यात बीपी १५०/१०० वर गेलं, फाइलवर लाल शाईत ‘हाय रिस्क’ आलं आणि मग जवळजवळ प्रत्येक कागदावर तेच वाक्य भेटायला लागलं: गर्भवती स्त्रियांमधील वापराबाबत पुरेशी माहिती उपलब्ध नाही. तेव्हा धडकी भरायची. आता चीड येते.

माहिती नाही, कारण कुणी गोळाच केली नाही. थॅलिडोमाइड नावाच्या औषधामुळे हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली, १९६१ मध्ये ते बाजारातून मागे घ्यायला सुरुवात झाली आणि धडा काय घेतला? गरोदर बाईला संशोधनापासून लांब ठेवा. अहो, पण ते औषध गरोदरपणासाठी नीट तपासलंच नव्हतं, म्हणून तर घात झाला! १९७७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तर गरोदर ‘राहू शकणाऱ्या’ बायकांनाही सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते धोरण बदलायला १९९३ उजाडलं.

जिथे नीट तपासलं तिथे काय हाती लागलं बघा. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याच्या माझ्यासारख्या आजारात, झटके आले की पूर्वी कुणी डायझेपाम द्यायचं, कुणी फेनिटॉइन, कुणी मॅग्नेशियम सल्फेट. आपण कुठल्या डॉक्टरांच्या हाती सापडतो, त्यावर सगळं. १९९५ च्या चाचणीत मॅग्नेशियम दोन्हींपेक्षा सरस ठरलं. मग २००२ मध्ये ‘मॅगपाय’ चाचणी: ३३ देश, १०,००० हून जास्त बायका, आणि झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी. औषध कुठलं, तर एप्सम सॉल्ट म्हणतात तोच साधा क्षार.

मलाही ते लावलं होतं. सलाइन सुरू झालं आणि अंगातून गरम वाफ गेल्यासारखं झालं. सिस्टर ठरावीक वेळाने यायच्या, गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टक् करायच्या. पाय उडला की त्या निघून जायच्या. मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी पायाचं ते उडणं थांबतं आणि मग श्वास मंदावतो, हे मला नंतर कळलं. बरंच झालं.

ॲस्पिरिनचंही तसंच. प्रीएक्लॅम्प्सिया टळावा म्हणून १९९४ च्या ‘क्लास्प’ चाचणीत रोज ६० मिलिग्रॅम देऊन फारसं काही साधलं नाही. २०१७ च्या ‘ॲस्प्री’मध्ये जास्त धोका असलेल्या बायकांना १५० मिलिग्रॅम, रात्री, चौदाव्या आठवड्याच्या आसपास सुरू करून दिलं, तर ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला. गोळी तीच, मात्रा आणि वेळ वेगळी. (हे वाचून स्वतःच गोळी सुरू करू नका बायांनो, डॉक्टरांना विचारा.)

“पोटातल्या बाळावर प्रयोग करायचे का?” असं विचारणाऱ्यांची भीती मला कळते, मीही त्यातून गेलेय. पण न तपासलेली गोळी बाई घेतेच की. फक्त तिचं काय झालं ते कुणी लिहून ठेवत नाही.

माझ्या बाळंतपणाआधी एक डॉक्टर फॉर्म घेऊन आल्या होत्या. या आजाराचं मूळ वारेत असतं, म्हणून अभ्यासासाठी वार आणि थोडं रक्त हवं होतं. घरचे म्हणाले, कशाला नसती भानगड. मी हाताला सलाइन असताना वाकडीतिकडी सही केली. तेहेतिसाव्या आठवड्यात लेक झाली. तिला काचेच्या पेटीत नेलं आणि मागोमाग एक मुलगी माझी वार झाकणाच्या डब्यात घालून, वर नंबर चिकटवून, जवळजवळ पळतच घेऊन गेली.