तडा गेलाय ना? राहू द्या!

विल्होळीजवळ पुढच्या डंपरने खडी उडवली आणि समोरच्या काचेचा वाटाण्याएवढा टवका गेला, म्हणून लगेच काचवाल्याकडे पळू नका. टवका लहान असतो तोवर त्यात रेझिन भरून काम भागतं, हे खरं. पण एवढ्या स्वस्तात सुटण्यासाठी का आपण गाडी घेतली? एप्रिलच्या दुपारी शालिमारला ती उन्हात लावा, दोन तासांनी या आणि एसीचा झोत थेट काचेवर सोडा. बाहेरून तापलेली, आतून गारठलेली काच. तडा कसा सरसर वाढतो बघा.

घरच्यांनी काच बदला म्हटलं तर ‘नो क्लेम बोनस जाईल’ एवढंच म्हणा. कोणालाच नीट कळत नाही, विषय संपतो. शिवाय ही काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा. फुटली तरी तुकडे त्यालाच धरून राहतात. म्हणजे तडा सांभाळायची सोय खुद्द कंपनीनेच केली आहे!

उरलेल्या काचेचंही बघायला हवं. वर ‘आई सप्तशृंगी प्रसन्न’ची वीतभर पट्टी. वणीच्या गडावरून आई बघतेच आहे, मग आपण कशाला बघा? मधोमध मोबाईल, कोपऱ्यात जुना फास्टॅग, त्याशेजारी नवा. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली, समोरच्या काचेतून ७० टक्के उजेड आत यावा असा नियमही आहे. असू द्या. निकाल दिल्लीत लागतो, ऊन नाशकात पडतं.

वायपरचं रबर झिजलं तरी बदलायचं नाही. त्याने काचेवर जी बारीक नक्षी निघते, तिची खरी मजा संध्याकाळी त्र्यंबक रोडला. मावळता सूर्य समोर आला की एकेक ओरखडा पेटतो आणि सगळी काच पांढरी होते. तेव्हा ब्रेक लावू नका, मागचे हॉर्न वाजवतात. ताशी ६० ला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. तीन सेकंद दिसलं नाही तर पन्नासेक मीटर. तेवढ्यात सातपूरची शिफ्ट सुटलेला एखादा सायकलवाला असलाच, तर त्याने बघावं. त्याच्या डोळ्यांपुढे कुठे काच असते?

राहिला पावसाळा. आतून काच धुरकटली तर एसी मुळीच लावू नका. तो हवा कोरडी करतो, काच लगेच साफ होते आणि मग पेट्रोलपंपावर घेतलेलं पिवळं फडकं वाया जातं. बाहेरून मात्र तंबाखू चोळा, जुने ट्रकवाले चोळायचे. घोटीपर्यंत ती वाहून जाईल, इगतपुरीला धुकं लागेल आणि कसारा घाटात समोरच्या टँकरचा लाल दिवा तड्यामुळे एकाचे दोन दिसतील. अशा वेळी बाजूची काच खाली करा आणि मान बाहेर काढून चालवा. भिजाल थोडे. पण त्या काचेवर फिल्म आहे ना, ती तशीही खालीच बरी.