सहा फुटी टाकीला ॲक्रिलिकच हवं, हे खरं नाही

माशांची मोठी टाकी करायची म्हटलं की काचेऐवजी ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट, घ्यायचा सल्ला हमखास मिळतो: 'चार फुटांच्या वर काच नकोच, ॲक्रिलिक घ्या. वजनाला निम्मं, काचेहून नितळ, फुटत नाही, सांध्यातून गळत नाही.' घरात मोठी म्हणून सहसा बसते ती 6×2×2 फुटांची टाकी. तिच्यावरच हे तपासू.

'वजनाला निम्मं.' जाडी सारखी असेल तरच! ॲक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी लवचिक. काच 12 मिमीत ताठ उभी राहते, त्याच जाडीच्या ॲक्रिलिकला पाणी भरल्यावर पोट येतं. म्हणून शीट 18 मिमीची घ्यावी लागते. या मापाला सुमारे चार चौरस मीटर माल लागतो: काच 120 किलो, ॲक्रिलिक 85. वाचले 35 किलो, आणि आत पाणी सहाशे किलोंच्या वर. घरातली स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोंचा वापर-भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून काढलेली असते. ही टाकी तेवढ्याच जागेवर सातशे टाकते. काळजी करायची ती याची. टाकी भिंतीलगत, बीमवर येईल अशी ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

'काचेहून नितळ.' नव्या शीटपुरतं खरं आहे. ॲक्रिलिकमधून 92 टक्के उजेड जातो. साधी जाड काच थोडा कमी सोडते आणि हिरवट दिसते. समोरची एकच बाजू एक्स्ट्रा क्लिअर (हिरवट छटा नसलेल्या) काचेची केली की ही तक्रार मिटते. ॲक्रिलिकचं दुखणं पुढे सुरू होतं. शेवाळ पुसताना चुंबकाच्या क्लीनरखाली वाळूचा एक कण अडकला, की हात फिरेल तशी कमानदार रेघ उमटते आणि टाकीतला दिवा लागला की तीच आधी डोळ्यांत भरते. काचेवरचे चिवट हिरवे ठिपके ब्लेडने खरवडता येतात. ॲक्रिलिकला ब्लेड लावायचं नाही, अमोनिया किंवा स्पिरिटवालं क्लीनरही नाही. त्याने केसासारखे बारीक तडे जातात. ओरखडे 800 ते 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घालवता येतात, काचेचे असे जात नाहीत, हे मान्य. पण आतल्या बाजूचे घालवायला बहुधा टाकी रिकामी करावी लागते.

'फुटत नाही.' घरात चेंडू खेळणारी मुलं असतील तर हा मुद्दा ॲक्रिलिकचाच. मात्र काचेची टाकी तडकते ती बऱ्याचदा खालून: स्टँड वाकडा, किंवा तळाखाली खडा. म्हणून स्टँडवर 18 मिमी प्लायवूड, त्यावर 10 मिमी थर्मोकोल, दोन्ही दिशांनी लेव्हल. अर्धं पाणी भरून पुन्हा लेव्हल बघा. मोठे दगड वाळूवर ठेवू नका. वाळूच्या आधी, खाली शीट घालून बसवा.

'गळत नाही.' कास्ट (साच्यात ओतून केलेली) शीट आणि कसलेला कारागीर असेल तर सांधा खरंच एकजीव होतो. स्वस्त एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेल्या) शीटला जोडताना सॉल्व्हंट, म्हणजे शीट विरघळवून चिकटवणारं द्रव, लागलं की सांध्यालगत तडे येऊ शकतात, आणि तो सांधा उकलून पुन्हा जोडता येत नाही. काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन (रबरासारखा चिकट पदार्थ) कापून नव्याने भरता येतं. जुनं पूर्ण खरवडायचं, कारण नवं सिलिकॉन जुन्याला नीट धरत नाही. बुरशीरोधक नसलेलंच वापरायचं, आणि आठवडाभर सुकल्यावरच पाणी सोडायचं.