इंजेक्शनने गादी जागेवर येत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा: ‘सायटिकाला ऑपरेशन नकोच. मशीनवर बघून दिलेल्या एकाच इंजेक्शनने सरकलेली गादी जागेवर येते, दुखणं मुळापासून जातं, धोका शून्य.’ उपचार खरा आहे, कामाचाही आहे. म्हणूनच ही जाहिरातबाजी जास्त खटकते.

गादीचं आधी. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती; ती सरकून नस दाबली की कंबरेतून पायात कळ जाते, तोच सायटिका. सुईतून मणक्यात, त्या नसेजवळ जातं ते बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड. नसेच्या मुळाशी आलेली सूज त्याने उतरते, कळ कमी होते. गादी असते तिथेच राहते. बाहेर आलेला तिचा भाग पुढच्या काही महिन्यांत अनेकांच्या बाबतीत शरीर आपणहून शोषून घेतं आणि श्रेय इंजेक्शनला मिळतं! तेवढे दिवस माणसाला झोपता-चालता आलं, ही मात्र त्याची खरी कमाई.

‘मुळापासून’ म्हणाल, तर आराम काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. काहींना मुळीच पडत नाही. मणक्याची नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल २०१४ मध्ये आले. नुसतं लिडोकेन हे बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइडसह लिडोकेन, यांत सहा आठवड्यांनी जेमतेम फरक होता.

‘धोका शून्य’ हे सर्वांत बेजबाबदार. सी-आर्म या एक्स-रे मशीनवर सुई दिसते, डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून ती रक्तवाहिनीत नाही ना हेही पाहतात. त्याने धोका घटतो, संपत नाही. विशेषतः मानेत, कणीदार (न विरघळलेले कण असलेलं) स्टेरॉइड धमनीत शिरलं तर मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडू शकतो. पक्षाघात, दृष्टी जाणं, मृत्यू अशा दुर्मीळ घटनांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१४ मध्येच इशारा दिला आहे. शिवाय मशीनवर सुई दिसते, बाटलीतलं औषध कसं आहे ते नाही. २०१२ मध्ये तिथेच बुरशी लागलेल्या स्टेरॉइडमुळे मेंदुज्वर होऊन साठाहून अधिक माणसं दगावली. आपल्याकडे रोजचा प्रश्न साधा आहे: मधुमेहींची साखर काही दिवस चढते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं.

ऑपरेशन बहुतेकांना खरंच लागत नाही, इंजेक्शन न घेताही. पण पाऊल उचलेनासं झालं, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, तर इंजेक्शनची तारीख घेत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.