बटण म्हणजे नुसतं चित्र नव्हे

इंदूरच्या मराठी प्रोग्रामर मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय: "विंडोजची बटणं जुनाट दिसतात. डब्ल्यूएम_पेंट हातात घ्या, चार चौकोन काढा, माउसची क्लिक पकडा, कंट्रोल तयार. बटण म्हणजे शेवटी चित्रच." (डब्ल्यूएम_पेंट म्हणजे 'विंडो रंगव' असं प्रोग्रामला सांगणारा विंडोजचा संदेश; कंट्रोल म्हणजे बटण, यादी असा पडद्यावरचा वापरायचा भाग.) कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं हे खरं धरून दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअर लिहायला बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"माउसची क्लिक पकडा." क्लॉथ मार्केटात काउंटरवर भराभर बिलं करणाऱ्याचा हात माउसकडे जातो कुठे? त्याचं काम टॅब, स्पेस, एंटरवर चालतं. विंडोजचं साधं बटण फोकस आल्याचं, म्हणजे आता कीबोर्ड आपल्याकडे आहे हे, दाखवतं, स्पेसला दबतं, माउस दाबून बाहेर नेऊन सोडला तर क्लिक रद्द करतं. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, त्याचं नाव वाचतो आणि ते बटण आहे हेही सांगतो. रिकाम्या विंडोवर चौकोन काढलेत की यातलं काहीच आयतं मिळत नाही. स्क्रीन रीडरसाठी येणाऱ्या डब्ल्यूएम_गेटऑब्जेक्ट या संदेशाला उत्तर देऊन यूआय ऑटोमेशनचा (कंट्रोलची माहिती अशा प्रोग्रामना देणाऱ्या विंडोजच्या सोयीचा) भाग स्वतः लिहावा लागतो. तो न लिहिणं म्हणजे दृष्टिहीन माणसाला ते सॉफ्टवेअर बंद करणं, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

"चार चौकोन काढा." आणि त्यावरची अक्षरं? टेक्स्टआउट या मजकूर काढणाऱ्या फंक्शनने देवनागरी एकेक अक्षर काढणारा कोड सर्रास दिसतो. 'शिंदे'मधली वेलांटी मेमरीत 'श'च्या नंतर असते, पण दिसायला हवी आधी. सुटी काढली की तिची जागा चुकते. 'कुलकर्णी'तला रफार तर उतरतच नाही. अख्खी ओळ एकदम ड्रॉटेक्स्ट या फंक्शनला द्या, जुळणी विंडोज करतं. रुंदीसुद्धा अख्ख्या ओळीचीच मोजा, अक्षरांच्या रुंदींची बेरीज जमत नाही.

मापं पिक्सेलमध्ये ठोकून बसवलीत तर ९६ डीपीआयवर (दर इंचाला ९६ ठिपके, म्हणजे १०० टक्के स्केल) छान दिसेल आणि १५० टक्के स्केलच्या लॅपटॉपवर बटण चिमुकलं होईल, नाहीतर विंडोज ते ताणून धूसर करेल. फ्लिकर होत असेल, म्हणजे चित्र लुकलुकत असेल, तर आधी डब्ल्यूएम_इरेजबॅकग्राउंड हा पार्श्वभूमी पुसायला सांगणारा संदेश तपासा. चित्र मेमरीतल्या बिटमॅपवर काढून एकदम उतरवा. प्रत्येक पेंटला नवा ब्रश बनवून तो डिलीटऑब्जेक्टने मोकळा करायला विसरलात, तर एका प्रोसेसची १०,००० जीडीआय ऑब्जेक्टची (ब्रश, पेन, फॉन्ट अशा रेखाटनाच्या साधनांची) नेहमीची मर्यादा गाठली जाते आणि ऐन गर्दीत विंडो अर्धवट रंगते.

"जुनाट दिसतात", हे मात्र खरं. त्यासाठी बटणाला बीएस_ओनरड्रॉ, म्हणजे 'रंगवणं माझ्याकडे' असं सांगणारी स्टाइल, लावा. मग येणाऱ्या डब्ल्यूएम_ड्रॉआयटम या संदेशात दाबलेलं, बंद, फोकस असलेलं अशा अवस्था हातात मिळतात, रंगवायचं तुम्ही आणि वागणं विंडोजचं. थकबाकीच्या ओळी लाल करायच्या असतील तर लिस्टव्ह्यूला, म्हणजे ओळींच्या यादीच्या कंट्रोलला, एनएम_कस्टमड्रॉ ही रंगवताना येणारी सूचना पुरते. चेकबॉक्सबाबत सावध राहा: ओनरड्रॉ केला की टिक आहे की नाही हे बटण लक्षात ठेवत नाही, ते तुमच्या कोडने जपायचं असतं.