संपादनं लाखभर, मजकूर कोणाचा?

विकिपीडियाबद्दलचा एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे, कधी कौतुकाने, कधी टोमणा म्हणून. ‘सगळ्यांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश’ वगैरे सब झूट. निम्मी संपादनं एक टक्क्याहूनही कमी लोक करतात, म्हणजे विकिपीडिया तेच लिहितात. मग याला शेपटं जोडली जातात: ज्याचा संपादनांचा आकडा मोठा त्याची माहिती पक्की, आणि ज्या भाषेत लेख जास्त तिचा विकिपीडिया मोठा.

आधी आकडा. तो हवेतून आलेला नाही. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स स्वतःच भाषणांतून सांगत, की निम्म्याहून अधिक संपादनं ०.७ टक्के सदस्यांची आहेत. म्हणजे जेमतेम ५२४ माणसं. आकड्याशी माझं भांडण नाही. घोटाळा होतो तो पुढच्या ‘म्हणजे’पाशी.

संपादन मोजलं कसं जातं ते पाहा. बदल प्रकाशित करायचं बटण एकदा दाबलं की एक संपादन. स्वल्पविराम टाकला, एक. लेखाला वर्ग (विषयाचं लेबल) जोडला, एक. आठवडाभर ग्रंथालयात बसून लिहिलेला अख्खा लेख एका झटक्यात चढवला, तरी एकच. उलट एकेक ओळ लिहून प्रकाशित करायची सवय असलेल्याचे त्याच लेखात चाळीस होतात. लिहिलेलं दुसऱ्याने उडवलं तरी लिहिणाऱ्याचा आकडा उतरत नाही. शिवाय अर्धस्वयंचलित साधनं आहेतच. ती वापरून एका बैठकीत शेकडो लेखांतली एकाच प्रकारची चूक दुरुस्त करता येते. हे काम फालतू नाही, मुळीच नाही. पण दिवाळी अंकाच्या मुद्रितांवर सर्वांत जास्त खुणा केल्या म्हणून मुद्रितशोधक अंकाचा लेखक ठरत नाही.

मग लेखक कोण, हाच प्रश्न २००६ साली अमेरिकन प्रोग्रामर अ‍ॅरन स्वार्ट्झने विचारला. त्याने संपादनं मोजण्याऐवजी आजच्या पानावर उरलेली अक्षरं कोणाची, ते मोजलं. अ‍ॅलन अ‍ॅल्डा या अमेरिकन अभिनेत्यावरच्या लेखात त्याला चित्र नेमकं उलटं दिसलं: मजकुराचा मोठा भाग अशा लोकांचा, ज्यांची एकूण संपादनं अगदी थोडी. काहींनी तर खातंही उघडलेलं नव्हतं. नेहमीचे सदस्य नंतर येऊन मांडणी, दुवे, शुद्धलेखन नीट करून गेले होते.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण स्वार्ट्झचं नाव घेऊन लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि जुनेजाणते सदस्य केवळ झाडलोट करतात असं म्हणतात. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये आणखी काटेकोर हिशेब मांडला. एखाद्याने लिहिलेला शब्द पानावर टिकून किती वेळा वाचकांसमोर गेला, हे त्यांचं माप. त्यात एक दशांश टक्का संपादकांकडे जवळपास निम्मं श्रेय गेलं. तेव्हा मूठभर लोकांचा वाटा मोठा आहे, हे मान्य. मात्र ते ठरलं टिकलेल्या, वाचल्या गेलेल्या शब्दांवरून. बटण किती वेळा दाबलं यावरून नव्हे. दाव्यातला ‘मूठभर’ काही प्रमाणात खरा ठरतो, पण दाव्याने दिलेल्या कारणाने नाही.

मोठा आकडा म्हणजे पक्की माहिती, या शेपटाला स्कॉट्स विकिपीडिया पुरेसा आहे. स्कॉट्स ही स्कॉटलंडमधली, इंग्रजीची सख्खी बहीण शोभेल अशी भाषा. तिच्या विकिपीडियावरचे वीस हजारांहून अधिक लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते. वयाच्या बाराव्या वर्षी सुरुवात केली, आकडा चढत गेला, पुढे तो तिथला प्रचालकही, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेला सदस्यही झाला. ऑगस्ट २०२० मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की त्याला स्कॉट्स येतच नाही. इंग्रजी वाक्यरचना तशीच ठेवून ऑनलाइन शब्दकोशातून शब्द बदलायचे, नाहीतर इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग वाकडं करायचं, अशी त्याची रीत. हेतू वाईट नव्हता. त्या पोराला नंतर जे शिव्याशाप मिळाले ते अन्यायाचेच होते. पण इतकी वर्षं कोणी हटकलं नाही, यात त्या भल्यामोठ्या आकड्याचा हात नव्हता असं कोण म्हणेल? लहान विकिपीडियावर तपासणारे डोळे आधीच कमी असतात. त्यात सर्वांत कामसू माणसाला ‘तुला भाषा येते का’ असं विचारायचं तरी कोणी?

भाषांच्या क्रमवारीचं तर विचारूच नका. लेखसंख्येत इंग्रजीच्या खालोखाल आहे फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया: साठ लाखांहून अधिक लेख. त्यांतले बहुतेक स्वीडनच्या स्वेर्कर योहान्सन यांच्या एका सांगकाम्याने, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रामने, तयार केलेले. डोंगर, ओढे, किडे, वनस्पती. दोनचार साचेबद्ध वाक्यं की झाला लेख. १ मे २००३ पासून चालत आलेला मराठी विकिपीडिया त्या यादीत फार खाली दिसतो म्हणून गळा काढणाऱ्यांनी सेबुआनोची चार पानं उघडून पाहावीत.

‘मग आकडा काढूनच टाका ना’ असंही कोणी म्हणेल. नको. उंबरठा म्हणून त्याचा उपयोग आहे. इंग्रजी विकिपीडियावर अर्धसुरक्षित, म्हणजे अगदी नवख्यांना बंद असलेली पानं बदलायला खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं लागतात. इस्रायल-पॅलेस्टाईनसारख्या पेटत्या विषयांसाठी तीस दिवस आणि पाचशे. रागाच्या भरात आलेला माणूस यामुळे दारातच अडतो. अर्थात पाचशेची अट कळली की पाचशे वेळा स्वल्पविराम इकडचा तिकडे करणारेही निघतात, आणि प्रचालक त्यांचा तो हक्क काढूनही घेतात.

एखाद्याने काय लिहिलंय ते पाहायचंच असेल, तर लेखाचा इतिहास उघडावा. प्रत्येक बदलापुढे किती बाइट (संगणकातलं मजकुराचं माप) वाढले वा घटले ते दिसतं, आणि छोट्या बदलापुढे ‘छो’ अशी खूण असते. फक्त मराठी पान इंग्रजीशी ताडताना भुलू नका: देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. आपल्याकडचे अधिक तीन हजार म्हणजे जेमतेम हजार चिन्हं.