बाबाको नावाची कसोटी नसते

सातवी-आठवीच्या मुलाला गणित शिकवायला बसलेल्या माणसाने आधी पुस्तक उघडू नये, कंपासपेटी उघडावी. रोगाचं निदान तिथेच होतं. दोन्ही गुण्ये जूनमध्ये आले तसे कोरे करकरीत असतात. कर्कटकाने बाकावर नावं कोरलेली असल्यामुळे त्याचं एक टोक वाकलेलं असतं. मोजपट्टीचा शून्याकडचा कोपरा कुणीतरी चावलेला असतो, म्हणून मुलगा एकपासून मोजतो आणि तो एक वजा करायचा विसरतो. ७ सेंमीची रेघ ६ची होते. कंपासाचा स्क्रू तर इतका सैल, की ५ सेंमी त्रिज्या घेऊन निघालेलं वर्तुळ फिरून येईपर्यंत ५.३ सेंमीचं झालेलं असतं. सुरुवात आणि शेवट भेटतच नाहीत, वहीवर गोगलगाय उमटते.

म्हणून मी खिशात छोटा पेचकस बाळगतो. कंपासात अख्खी नवी पेन्सिल घालू नये, तिच्या वजनाने पाय फाकतात. बोटभर तुकडा पुरे. कंपास मिटल्यावर लोखंडी टोक आणि शिसं एका पातळीत यायला हवं. कागदाखाली वही हवीच, कारण सनमायकाच्या टेबलावर टोक घसरतं आणि ओरखडा उठतो. ओरखडा पाडतो मुलगा, घरचे बघतात माझ्याकडे.

मग कोनमापक. त्यावर आकड्यांच्या दोन रांगा असतात, एक डावीकडून चढणारी, एक उजवीकडून. समोर चिमुकला लघुकोन दिसत असतो आणि चिरंजीव शांतपणे १३०° लिहितात. यंत्र कशाला खोटं बोलेल? त्यावर उपाय एवढाच, की मोजण्याआधी कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा ते तोंडाने म्हणायला लावायचं आणि ज्या रांगेचं शून्य किरणावर बसलंय तीच रांग वाचायची. दुसरी खोड म्हणजे प्लॅस्टिकची खालची कड किरणावर टेकवणं. शून्याची रेघ बहुतेक कोनमापकांवर त्या कडेच्या जरा वर असते. तेवढ्यातच चार-पाच अंश गायब होतात.

त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजून बेरीज करायला सांगितली आणि १७८ किंवा १८२ आली, तर मूल प्रामाणिक आहे. बरोब्बर १८० आली तर बहुधा दोनच कोन मोजलेत, तिसरा वजाबाकीने आलाय. मी अशाला रागावत नाही. प्रमेय त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळलेलं असतं.

रचनेच्या गणितात मी मुद्दाम ८, ४ आणि ३ सेंमी बाजू देतो. ८ सेंमीचा पाया काढून दोन्ही टोकांकडून कंस मारले की मध्ये १ सेंमीची फट उरते. चार आणि तीन मिळून सातच होतात, आठाला पुरणार कुठून! पण चिरंजीवांना त्रिकोण हवाच असतो. ते दोन्ही कंस हाताने ओढून वर कुठेतरी भेटवतात, ठसठशीत बिंदू देतात आणि दोष माझ्या पेचकसाला देतात.

खरी परीक्षा एकरूपतेत, म्हणजे दोन त्रिकोण एकमेकांवर तंतोतंत बसतात का ते ठरवण्यात. बाबाबा (तिन्ही बाजू सारख्या), बाकोबा (दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन), कोबाको (दोन कोन आणि त्यांच्यामधली बाजू) या कसोट्यांचे मंत्र पाठ असतात. मग प्रश्न येतो, ‘सर, दोन बाजू आणि त्यांच्यामधला नसलेला कोन, म्हणजे बाबाको का नाही?’ प्रश्न रास्त आहे. ‘पुस्तकात नाही म्हणून’ असं सांगणाऱ्याने त्या महिन्याची फी परत करावी. ‘ब’पासून आडवा किरण काढा, त्याच्याशी ३०° कोन करणारी तिरकी रेघ काढा, तिच्यावर ६ सेंमीवर ‘अ’ घ्या. ‘अ’वर टोक ठेवून ४ सेंमीचा कंस मारा. तो आडव्या किरणाला दोनदा छेदतो, ‘ब’पासून साधारण अडीच सेंमीवर एकदा आणि पावणेआठच्या जरा पुढे एकदा. मापं तीच आणि त्रिकोण दोन. त्रिज्या ३ केली तर कंस नुसता स्पर्श करून जातो, २ केली तर पोचतच नाही. हे सगळं डोळ्यांदेखत झाल्यावर प्रतिक्रिया येते, ‘मग सर, परीक्षेत यातला कुठला काढायचा?’

संभाव्यतेत काही मोजायचंच नसतं, त्यामुळे मुलं खूश असतात. पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणजे १/२. याच हिशोबाने वर्गात पहिला येण्याची संभाव्यताही १/२ निघते आणि हे ऐकून स्वयंपाकघरात क्षणभर आनंद पसरतो.

दोन नाणी उडवली तर? दोन छापे, दोन काटे, एकेक. तीन प्रकार, म्हणून प्रत्येकी १/३. इथे सारखी नाणी घेऊ नयेत. एक रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं घ्यावं. मग रुपयावर छापा-पाचावर काटा आणि रुपयावर काटा-पाचावर छापा हे वेगळे दिसतात, शक्यता चार होतात, आणि ‘एकेक’ची संभाव्यता १/२ येते. पटत नसेल तर ४० वेळा उडवायला लावावं, फक्त दिवाणापासून लांब. ‘एकेक’ विसाच्या आसपास येतं. नेमकं वीस आलं नाही म्हणून मुलगा मलाच खोटं पाडतो. नेमकं वीस येण्याची संभाव्यता जेमतेम १/८ आहे, पण हे आठवीत सांगायची सोय नाही.

पालक फार हताश झाले तर त्यांना द’अलांबेरचं नाव सांगतो. फ्रान्सचा हा नामांकित गणिती. १७५४ साली विश्वकोशात त्याने मांडलं, की नाणं दोनदा उडवून निदान एक छापा येण्याची संभाव्यता २/३ असावी. पहिल्यांदाच छापा आला की खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच! त्या तीन सारख्या वजनाच्या नाहीत, खरं उत्तर ३/४. पालक विचारतात, ‘त्यांना शिकवणी नव्हती का?’

शेवटी पत्ते. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट प्रत्येकी तेरा. चित्राचे पत्ते गुलाम, राणी, राजा मिळून बारा, म्हणून १२/५२, म्हणजे ३/१३. एक्क्याला चित्रात धरलं की १६/५२ होतं आणि गुण जातात. हे तोंडी कळत नाही, जोड हातात लागतो. मुलाची आई दार लोटून घेते, शेजारी काय म्हणतील. आजोबा मात्र आतून खुर्ची घेऊन येतात. जोकर आधी बाजूला काढायचे, नाहीतर छेद ५४ होतो, असं मी सांगतो.

‘जोकर काढलेत तर रमी कशी लावायची?’ आजोबा विचारतात आणि पत्ते पिसायला घेतात.